पूजेला बसलेलं इंटरनेट

"तीन खोल्या, तीन कंप्युटर, नि इंटरनेट एकच! फोनची लाइन एक, वायर एक. आहे काय नि नाय काय!"

पेणहून गाडी सुटली की दिनानाथ हे सुरू करायचा आणि निडी स्टेशन मागे पडेपर्यंत थांबायचा नाही. रोह्याच्या कंपनीत तो इलेक्ट्रिशियन. डब्यातले शिफ्टवाले पेंगत असले तरी त्याला फरक पडत नसे. एकानं चुकून डोळे उघडले, तर त्याच्या गुडघ्यावर थाप मारून विचारायचा, "कंपनीचा ट्रान्सफॉर्मर कोण सांभाळतो? मी! मग घरातल्या तीन डब्यांना मी भ्यायचं?"

बढाई सोडा, या खटाटोपामागचं खरं कारण दिनानाथनं डब्यात कुणालाही सांगितलं नव्हतं. कारण होती त्याची लेक, वैशाली.

वैशालीचा साखरपुडा रोह्याच्या सुशीलशी झाला होता. मुलगा बहारिनला एसी दुरुस्तीच्या कामावर. मुलगा गरीब स्वभावाचा, पण बाप हैबतराव! रोह्यात त्यांची भाताची गिरणी. जन्मभर गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळे ते घरात पाणी मागायचे तेसुद्धा शेजारच्या आळीत ऐकू जायचं. हैबतरावांनी ठरवलं होतं की दसऱ्याला पेणला यायचं, सुशीलशी कंप्युटरवर बोलायचं आणि तिथल्या तिथं लग्नाची तारीख पक्की करायची. लग्न झालं की सुशील परत बहारिनला, आणि सून दोन वर्षं रोह्याला, सासूसासऱ्यांजवळ.

"बाबा," वैशाली एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला त्यांच्याशी एकटीला बोलायचंय. पाचच मिनिटं. ते मला बरोबर नेणार आहेत की नाहीत, एवढंच विचारायचंय. ते कळल्याशिवाय तारीख ठरवू नका."

"फोनवर विचार की गो."

"फोन बाहेरच्या खोलीत. आजी शेजारी बसून ऐकते, नि मी काय बोलले ते मलाच परत सांगते!"

"मग पत्र लिही."

"त्यांची पत्रं आधी रोह्याला जातात. सासूबाई वाचतात, मग एकातून एक काढून माझं इकडे पाठवतात. उत्तर मिळेपर्यंत मी रोह्यात भांडी घासत असेन!"

एवढं बोलून तिनं मनगटानं डोळे पुसले. दिनानाथला पोरीच्या डोळ्यांतलं पाणी कधीच सोसलं नव्हतं. त्यानं तिथंच शब्द दिला, "तुला तुझ्या खोलीत तुझा स्वतःचा कंप्युटर देतो. म्हातारी माणसं बाहेर बसून बोलतील, तू आत बसून बोल. कुणाला पत्ता लागणार नाय!"

आणि लागला कामाला. कंपनीच्या ऑफिसात नवे कंप्युटर आले होते. जुने तीन त्यानं पदरात पाडून घेतले. एक बाहेरच्या खोलीत, फोनजवळ, मोडेम लावून. एक वैशालीच्या खोलीत. तिसरा मागच्या गणपतीच्या कारखान्यात, धाकट्या भावाजवळ, म्हणजे पोपटजवळ. पोपट मूर्ती रंगवायचा. गणपती होऊन गेल्यावर त्याला दोन महिने काहीच काम नसे, म्हणून तो सगळ्यांच्या कामात असे.

तिन्ही कंप्युटरना जोडणारी एकच काळी केबल खिडक्यांतून, माळ्यावरून आणि मैनाच्या स्वयंपाकघरातून फिरली. मैना म्हणजे दिनानाथची बायको. "माझ्या फडताळातून वायर नेलीत, आता माझ्या डोक्यातून न्या!" एवढंच ती म्हणाली. प्रत्येक कंप्युटरच्या पाठीला इंग्रजी टी अक्षरासारखा एक चकचकीत धातूचा तुकडा, आणि केबलच्या दोन्ही टोकांना दोन धातूची बुचं. ही बुचं महत्त्वाची. त्यांतलं एक जरी निघालं, तरी सगळीच यंत्रं मुकी. दिनानाथनं हे घरात सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. आईला सोडून, कारण आईला कंप्युटरशी काय करायचंय?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिन्ही कंप्युटर चालले! मोडेमनं चिरक्या आवाजात गळा साफ केला, आणि पोपटला कारखान्यात, वैशालीला खोलीत, दिनानाथला बाहेर, एकाच वेळी इंटरनेट! दिनानाथ तिन्ही खोल्यांतून धावत सुटला. "चाललं! इथं चाललं! तिथं पण चाललं!" वैशालीनं त्याचा हात धरला आणि घट्ट दाबला. दिनानाथला त्या रात्री राजासारखी झोप लागली.

आणि दसरा उजाडला.

व्याही येणार दुपारी, सुशील येणार चारला. बहारिनच्या एका दुकानात त्यानं अर्ध्या तासासाठी कंप्युटर धरून ठेवला होता. दिनानाथ सकाळीच बाजारातून झेंडू आणि आपट्याची पानं घेऊन आला, जेवला, नवा शर्ट चढवला, आणि एकदा सहज बघून घ्यावं म्हणून बाहेरच्या कंप्युटरच्या मागे वाकला.

केबल लोंबत होती. टी नव्हता.

तो वैशालीच्या खोलीत पळाला. केबल होती, टी नव्हता. तो कारखान्यात पळाला. तिथं टी नव्हता, बूच नव्हतं, फक्त पोपट होता.

"पोपट! टी कुठं गेले?"

"कुठले टी?"

"मागचे! लोखंडाचे!"

"अच्छा, ते व्हय!" पोपट शांतपणे म्हणाला. "ते आईनं नेले. सकाळी विचारत होती, कंप्युटरचं हत्यार कंचं? मी म्हटलं, बाकी सगळा प्लास्टिकचा डबा हाय, खरं लोखंड मागंच. मीच काढून दिले. दोन्ही बुचं पण दिली. एकही ठेवलं नाय!"

दिनानाथनं कपाळावर हात मारला. कारण त्याच्या घरी दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी कोयता असो, सुई असो, पूजेला बसली की बसली. संध्याकाळी सोनं लुटून आल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. आणि हा नियम चालवणाऱ्या बाईचं, म्हणजे त्याच्या आईचं, नाव होतं धोंडुबाई.

देवघरात चौरंग मांडला होता. त्यावर कोयता, विळा, पहार, पोपटच्या कोरण्या, मैनाची कात्री, दिनानाथचा स्वतःचा टेस्टर, आणि पुढे ताटात तीन टी नि दोन बुचं. घासूनपुसून लख्ख केलेली, हळदकुंकू लावलेली. प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल. शेजारी समई, आणि समईशेजारी धोंडुबाई जपमाळ घेऊन.

"आई, ती बुचं मला हवीत."

"संध्याकाळी घे."

"आत्ता हवीत! व्याही यायला लागलेत!"

"त्यांना बुचं खायला घालणार हायेस?"

"आई, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे!"

"म्हणून तर सांगते, हात लावू नको! तुझ्या धाकट्या काकानं दसऱ्याच्या दिवशी पूजेतला कोयता उचलला नि माडावर चढला. पुढं काय झालं?"

पुढं काय झालं ते दिनानाथला पाठ होतं. काका माडावरून पडला, आणि पडला तो नेमका गावच्या पाटलावर. पुढची दहा वर्षं त्याच्याशी कुणी धड बोललं नाही.

दिनानाथ अंगणात आला. परत आत गेला. परत अंगणात आला. पेणमध्ये असली बुचं कुठं मिळत नव्हती, आणि दसऱ्याला उघडं दुकान एकच, ते पण फुलांचं. तो कुंपणापर्यंत जायचा, वळायचा, घड्याळ बघायचा, ते कानाला लावायचा. मैना म्हणाली, "अहो, बसा जरा. अंगण झिजलं."

वैशाली दारात उभी होती. तिला पोपटकाकानं सगळं सांगितलं होतं. "राहू द्या बाबा," ती म्हणाली. "नसेल नशिबात." आणि हसली. ते हसू बघून दिनानाथला रडावंसं वाटलं.

तेवढ्यात फाटकाबाहेर आवाज झाला. "दिनानाथराव! आलो बरं का!" समोरच्या पेरूवरचे पोपट उडाले. हैबतराव आले होते. मागून काशीबाई, त्यांची बायको, हातात मिठाईचा पुडा. काशीबाई फार बोलत नसत. नवरा दोघांपुरतं बोलतो, मग आपण कशाला, असा त्यांचा हिशेब असावा.

"कुठंय तुमचं ते तीन खोल्यांतलं इंटरनेट? अख्ख्या रोह्याला सांगून आलोय!"

"दाखवतो की! चहा घ्या, दाखवतो!" दिनानाथ म्हणाला, नि देवघरात घुसला. त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, मी हत्यार उचलत नाय. ताटातून हलवत पण नाय. पण हत्याराजवळ कंप्युटर आणला तर चालेल काय?"

धोंडुबाईची जपमाळ थांबली. असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

"म्हणजे?"

"हत्यार जागेवर. कंप्युटर मागं सरकत सरकत येऊन त्याला चिकटेल. मग नुसतं फिरवायचं."

"फिरवायचं?"

"तू जात्याची पूजा करतेस नि मग जातं फिरवतेस. उचलतेस काय?"

धोंडुबाईनं डोळे मिटले. देवाला विचारत होती की काकाला, देव जाणे. मग म्हणाली, "फिरव. पण एक इंच वर गेलं ना दिन्या, तर माझ्यासारखी वाईट नाय!"

मग जी धावाधाव झाली! कारखान्यातला कंप्युटर तसाच सोडला, पण बाकीचे दोन आले. पोपटनं बाहेरचा कंप्युटर उचलून आणला, त्याच्यामागून मोडेम, त्याच्यामागून फोन आणि फोनची वायर. ती हैबतरावांच्या पायात अडकली आणि त्यांचा चहा पोपटच्या शर्टावर गेला. वैशालीचा कंप्युटर दिनानाथनं स्वतः छातीशी धरून आणला. दोन यंत्रं चौरंगाच्या दोन बाजूंना, पाठीला पाठ करून बसली. दिनानाथ पोटावर पालथा पडला, नाक झेंडूत. त्यानं ताटातल्या टीवर कंप्युटर टेकवला आणि कडं फिरवलं. टक्!

"उचललं?" धोंडुबाई डोळे वटारून.

"फिरवलं!"

टक्! टक्! बुचंही बसली. केबलचा उरलेला एक तुकडा दोघांमध्ये, नि कंप्युटर सुरू! आता यंत्रांच्या पाठीला हवा बाहेर टाकणारे पंखे असतात, आणि पाठी होत्या देवाकडे. पंखे फिरले आणि समई फडफडली.

"गो बाय! समई विझतेय!" मैना सूप घेऊन धावली आणि समईला आडोसा करून बसली, ती शेवटपर्यंत तशीच बसली.

वैशालीच्या कंप्युटरभोवती मैनाची जुनी साडी दोरीवर टाकून पडदा केला. एवढाच काय तो तिचा एकांत! पडद्याच्या या बाजूला हैबतराव, काशीबाई, पोपट, धोंडुबाई, सूप धरलेली मैना आणि तेहतीस कोटी देव. पलीकडे, दोन हातांवर, एकटी वैशाली. दिनानाथ अलीकडच्या कंप्युटरवर एका बोटानं टाइप करायला बसला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

मोडेमनं गळा साफ केला. लागला! दोन्हीकडे लागला! चार वाजले आणि सुशीलचं नाव कंप्युटरच्या काचेवर उजळलं.

"लिहा!" हैबतराव ओरडले. फोनवर बोलल्यासारखे ते कंप्युटरकडे तोंड करून ओरडत होते, मुलाला बहारिनला ऐकू जावं म्हणून. "लिहा! चिरंजीव सुशील, मार्गशीर्षातला मुहूर्त धरतोय! लग्न झालं की सूनबाई दोन वर्षं रोह्याला राहील! तुझं म्हणणं काय ते कळव!"

दिनानाथनं इंग्रजी अक्षरांत मराठी एकेक बोटानं उतरवलं. पडद्यापलीकडून पटापट टाइप केल्याचा आवाज आला, आणि थांबला. म्हणजे वैशालीनं विचारलं होतं. दिनानाथचा जीव आता दोन ठिकाणी होता, एक डोळा समोर आणि एक कान पडद्याकडे.

समई सुपाआड तगमगत होती.

मग दोन्ही कंप्युटर जवळजवळ एकदमच टुणकन वाजले.

"आलं!" हैबतराव पुढे सरसावले. "वाचू नका, मी वाचतो! माझ्या पोराचं आहे!" आणि त्यांनी एकेक अक्षर जुळवत गिरणीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "नेणार... म्हणजे... काय! तुझ्यासाठी... इथं खोलीसुद्धा... बघून ठेवलीय!"

"कुणासाठी खोली?" धोंडुबाई.

"पण घरात... आत्ताच... बोलू नकोस." हैबतरावांना वाचायच्या नादात अर्थ लागत नव्हता. "बाबा नुसतेच... मोठ्यानं बोलतात... ठरवते... आईच! आईला मी... हळूहळू... पटवतो..."

हैबतराव थांबले.

आणि पडद्यापलीकडे हुंदका फुटला! साडी बाजूला झाली आणि वैशाली उभी राहिली. डोळे लाल. "बाबा, मला हे लग्न करायचं नाही!"

"आँ?" सगळे.

"त्यांना काहीच वाटत नाही! मी मन मोकळं करून एवढं विचारलं, नि उत्तर काय? बघा! तुम्हीच वाचा!"

आता दिनानाथला हलणं भागच होतं. तो चौरंगाला वळसा घालून पलीकडे गेला आणि वाचू लागला. "सप्रेम नमस्कार. इकडे सर्व कुशल आहे. मोठे ठरवतील ते मला मान्य आहे. माझं वेगळं काही म्हणणं नाही. हवा गरम आहे."

दिनानाथनं परत वाचलं. मग चौरंगावरून मान उंच करून अलीकडचा कंप्युटर बघितला. मग परत पलीकडचा. इलेक्ट्रिशियन माणूस, अशी चूक त्याच्या ओळखीची होती. एकाच बोर्डावर दोन वायरी, आणि जोडणाऱ्यानं लाल काळ्याच्या जागी लावली!

"वैशाली!" तो ओरडला, हैबतरावांपेक्षाही मोठ्यानं. "हे तुझं नाय गो! हे त्यांचं हाय! नि त्यांनी वाचलं ना आत्ता, ते तुझं! त्याच्या कंप्युटरवर दोन खिडक्या उघड्या, एक तुझी नि एक त्यांची, त्यानं अदलाबदल केली!"

वैशाली तशीच धावत या बाजूला आली. हैबतरावांना कोपरानं बाजूला सारून वाचलं. "खोलीसुद्धा बघून ठेवलीय" इथं तिचं बोट काचेवर थांबलं, नि ती आणखीच रडायला लागली. पण हे रडणं वेगळं होतं, ते धोंडुबाईलाही कळलं.

हैबतराव मात्र पहिल्यांदाच आवाजाशिवाय बसले होते. "मी नुसताच मोठ्यानं बोलतो?" त्यांनी बायकोकडे बघून हळू विचारलं.

काशीबाईंनी पदर सावरला. "खरं हाय ते," त्या म्हणाल्या. मग वैशालीला जवळ ओढून खाली बसवलं. "गो पोरी, मला वाटायचं तुलाच पेण सोडून लांब जायचं नाय. म्हणून म्हटलं, रोह्याला राहील, आईबाप जवळ राहतील. एकदा विचारायचंस की मला!"

"मला वाटलं, तुम्ही रागवाल."

"रागावले असते. मग?" आणि काशीबाई दिनानाथकडे वळल्या. "लिहा ओ इवाई. आईला पटलंय. सून बरोबर जाणार. हळूहळू काय पटवतोस, मेल्या!"

"आणि लिहा!" हैबतरावांना आवाज परत सापडला. "बाबा मोठ्यानंच बोलणार!"

दिनानाथनं ते सगळं लिहिलं, आणि आनंदाच्या भरात 'मेल्या' दोनदा लिहिलं. मग दोन्ही कंप्युटरवर एकाच वेळी एकच शब्द आला, "अरे बापरे." आणि सुशीलचं नाव विझलं.

संध्याकाळी सगळ्यांनी एकमेकांना सोनं दिलं. धोंडुबाईनं वैशालीच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, मग दिनानाथला ताटाकडे बोट दाखवून म्हणाली, "उचल आता तुझी बुचं. हत्यारानं राखलं आज. खोल्याखोल्यांत असतात ना, तर पोर तिकडं रडून लग्न मोडून बसली असती नि आपण इकडं पेढे खात असतो."

दिनानाथ बुचं उचलायला वाकला. "उद्या परत तीन खोल्यांत लावतो," तो पुटपुटला.

"नको!" वैशाली, मैना, पोपट आणि काशीबाई एकदम म्हणाले.

फाटकातून बाहेर पडताना हैबतराव गर्जले, "दिनानाथराव! रोह्याला आमच्याकडंही असंच बसवून द्या!"

"कुठल्या कुठल्या खोलीत लावू?"

"खोली कसली! देवघरात! पाठीला पाठ लावून!"

दुसऱ्या दिवशी गाडी पेणहून सुटली. शिफ्टवाले पेंगत होते. दिनानाथ गप्प होता. तो गप्प आहे हे लक्षात आल्यामुळेच एकेक जण जागा झाला. शेवटी समोरच्यानं त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "काय दिनानाथ! चाललं काय तुमचं तीन खोल्यांत?"

दिनानाथनं खिडकीबाहेर बघितलं. रुळांच्या दोन्ही बाजूंना शेतं पिवळी झाली होती.

"औंदा भात बरं आलंय," तो म्हणाला, आणि निडी मागे पडेपर्यंत भाताकडेच बघत राहिला.